झादी तालावरचा बारशिंगा: फोटो कधी काढावा, कधी थांबावं

फौजेतून निवृत्त झाल्यावर मी लखनौत, जानकीपुरमला घर केलं. उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रात शरद ऋतूत कॅरिबूंचे फोटो काढायला लोक रानात तंबू ठोकून राहतात. आपल्याला इतकं लांब जायला नको. माझ्या घराजवळून सीतापूर रोड जातो. सीतापूर, लखीमपूर, भीरा करत गेलं की किशनपूर अभयारण्य लागतं. दुधवा व्याघ्र प्रकल्पाचाच हा भाग. पावसाळ्यानंतर, साधारण नोव्हेंबरात, जंगल उघडतं आणि झादी तालाच्या दलदलीत बारशिंग्यांचे कळप दिसतात.

कॅरिबूसारखेच यांचे खूर फाकलेले असतात, चिखलात रुतू नयेत म्हणून. कान्हातल्या बारशिंग्याचे खूर मात्र कडक जमिनीवर चालणारे, घट्ट जुळलेले. कॅरिबूच्या मादीलाही शिंगं असतात. इथे फक्त नराला. थंडीत माजावर आलेला नर शिंगांत गवत अडकवून मिरवतो. फोटो घ्यावा तो तेव्हाचा!

आता कॅमेऱ्याचं. पहाटे धुकं असतं. पांढरं धुकं बघून कॅमेरा फसतो आणि चित्र करडं काढतो, म्हणून एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप वाढवा. उभ्या जनावराला शटर १/५०० पुरतं, पळत्याला १/१००० तरी हवं. उजेड कमी असेल तर आयएसओ वाढवायला घाबरू नका. लांब लेन्स खिडकीवर तांदळाच्या छोट्या पिशवीवर टेकवा आणि इंजिन बंद करायला सांगा.

एकदा माझीच चूक झाली. चांगल्या कोनासाठी मी गाडी पुढे घ्यायला लावली. माद्यांनी कान टवकारले, माना वर केल्या. मला ते दिसत होतं, तरी मी थांबलो नाही. पुढच्या क्षणी सगळा कळप पाणी उडवत पळाला. फोटो अगदी स्पष्ट आला, पण तो भीतीचा फोटो आहे. मी तो कुणाला दाखवत नाही.

कान्हात १९७० साली बारशिंगे अवघे ६६ उरले होते. दुधवा १९७७ साली राष्ट्रीय उद्यान झालं, त्यामागे बिली अर्जन सिंग यांची धडपड होती. तेही एकेकाळी फौजेत होते. इतक्या कष्टाने राखलेलं चरण आपण एका फोटोपायी मोडायचं का?

म्हणून कॅमेऱ्याआधी कान बघा. कान सैल आणि तोंड गवतात, तर फोटो घ्या. कान उभे झाले, तर तिथेच थांबा.