याद्या करणारा संपादक

१८९८ च्या डिसेंबरात पॅरिसच्या 'ला लिब्र पारोल' या दैनिकाने एक वर्गणी सुरू केली. कर्नल आन्री नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने बनावट कागद रचून एका निरपराध माणसाची शिक्षा पक्की करायला हातभार लावला होता. बिंग फुटले, अटक झाली आणि ऑगस्टच्या अखेरीस त्याने कोठडीत वस्तऱ्याने स्वतःचा गळा चिरला. त्याच्या विधवेला अब्रूनुकसानीचा खटला लढता यावा, म्हणून ही वर्गणी. देणगीदारांची नावे पेपरात छापून येत आणि नावाजवळ मनातले दोन शब्द लिहायची मुभा असे. महिनाभरात सुमारे २५ हजार नावे आली, १ लाख ३१ हजार फ्रँक जमले. सेनाधिकारी, पाद्री, विद्यार्थी, कामगार, मोलकरणी असे सगळे थर त्यात होते. कवी पॉल व्हालेरीने तीन फ्रँक दिले. एका पाद्र्याने पाच फ्रँक पाठवले आणि लिहिले, की ज्यूंच्या कातड्याचे पायपुसणे मिळावे, सकाळ-संध्याकाळ तुडवायला. पेपराने तेही छापले.

या पेपराचा संपादक एदुआर द्र्युमाँ. त्याच्या आयुष्याचा मागोवा घेताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: यादी.

द्र्युमाँचा जन्म १८४४ चा, पॅरिसचाच. वडील नगरपालिकेत नकलनवीस कारकून. मुलाला सतराव्या वर्षापासून स्वतःच्या पोटाचे पाहावे लागले. थोडे दिवस सरकारी खर्डेघाशी करून तो पत्रकारितेत शिरला. 'ला लिबर्ते' या दैनिकात त्याने बरीच वर्षे नोकरी केली. ते दैनिक होते पेरेर या ज्यू घराण्यातल्या बँकवाल्या भावांचे. पुढे ज्यांच्या नावाने आयुष्यभर बोटे मोडली, त्यांचाच पगार त्याने इतकी वर्षे घेतला. १८७८ मध्ये त्याने जुन्या पॅरिसवर एक पुस्तक लिहिले. पाडलेले वाडे, बुजलेल्या गल्ल्या यांबद्दलची हळहळ त्यात आहे. हळहळ खरीच होती. पण पुढे तिला एक गुन्हेगार हवासा वाटू लागला.

काळही तसाच होता. १८८१ च्या कायद्याने वृत्तपत्रे बंधमुक्त झाली आणि पाच सांतिमचे पेपर फोफावले. १८८२ मध्ये 'युनियों जेनेराल' ही कॅथलिकांची लाडकी बँक बुडाली. सरदार-दरकदारांपासून खेड्यातल्या पाद्र्यांपर्यंत अनेकांची पुंजी गेली आणि खापर फुटले रॉथशील्ड या ज्यू बँकवाल्यांवर. १८८६ मध्ये द्र्युमाँचे 'ला फ्रान्स झुईव्ह' (ज्यूंचा फ्रान्स) बाजारात आले. दोन खंड, सुमारे १२०० पाने, शेवटी नावांची भलीमोठी सूची. सुरुवातीला खप बेताचाच होता. मग 'ल गोल्वा'चा संपादक आर्थर मेयर याच्याशी तलवारीचे द्वंद्व झाले. मेयरने डाव्या हाताने द्र्युमाँची तलवार पकडून ठेवली आणि आपली त्याच्या मांडीत खुपसली. गावभर बोभाटा झाला. वर्षभरात पुस्तकाच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या.

पुस्तकातला सिद्धान्त उसना होता. विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कोलकात्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे नाते सांगितले. त्यातून उभ्या राहिलेल्या भाषाशास्त्राने आपला 'आर्य' हा शब्द युरोपभर नेला. भाषाकुळासाठी घेतलेला हा शब्द गोबिनो आणि रेनाँ या फ्रेंच लेखकांच्या हातून वंशाला चिकटला, आणि द्र्युमाँने तो फुटपाथवर आणला. त्याच्या लेखी आर्य म्हणजे शूर, भोळा, उदार. सेमाईट, म्हणजे ज्यू, लोभी, कावेबाज, व्यापारी. फ्रान्समध्ये तेव्हा ज्यू होते सुमारे ८० हजार. द्र्युमाँने आकडा लावला पाच लाख.

पुस्तक एकदाच छापून थांबते, पेपर रोज निघतो. २० एप्रिल १८९२ रोजी 'ला लिब्र पारोल' सुरू झाला. नावाचा अर्थ मुक्त वाणी, ब्रीद 'फ्रान्स फ्रेंचांसाठी'. पुढच्याच महिन्यात सैन्यातल्या ज्यू अधिकाऱ्यांविरुद्ध लेखमाला आली. तिच्यातून द्वंद्वांची साखळी लागली आणि जूनमध्ये कॅप्टन आर्मां मायेर हा तरुण ज्यू अधिकारी द्र्युमाँचा साथीदार मार्की द मोरेस याच्या तलवारीने मारला गेला. त्याच्या अंत्ययात्रेला अफाट गर्दी लोटली. त्या सप्टेंबरात याच पेपराने पनामा कालवा कंपनीची लाचखोरी उघड केली. खासदारांनी पैसे खाल्ले होते, हे खरेच होते. दलालांपैकी काही ज्यू होते, हेही खरे. पण लाच खाणाऱ्या मोठ्या जमावाचा धर्म विचारण्याची गरज द्र्युमाँला कधी वाटली नाही. खऱ्या बातमीच्या पोटात खोटा निष्कर्ष घालून विकायचा, ही त्याची खरी कारागिरी.

मग १८९४. ऑक्टोबरच्या अखेरीस या पेपराने एका गुप्त अटकेची कुणकुण छापली आणि १ नोव्हेंबरला नाव फोडले: कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस. आरोप देशद्रोहाचा. आन्रीने पुढे बनावट कागद रचले ते याच ज्यू अधिकाऱ्याविरुद्ध. न्यायालय बसण्याआधीच निकाल लागला होता. ड्रेफस डेव्हिल्स आयलंड या तुरुंगबेटावर गेला. ड्रेफसच्या बाजूने कादंबरीकार झोलाचे खुले पत्र जानेवारी १८९८ मध्ये आले. त्याच महिन्यात अल्जीयर्समध्ये ज्यूंची दुकाने लुटली गेली आणि मे महिन्यात त्याच शहराने द्र्युमाँला खासदार केले.

इथून उतरण लागली. १९०२ मध्ये तो निवडणूक हरला. १९०६ मध्ये ड्रेफस निर्दोष ठरला. १९०९ मध्ये फ्रेंच अकादमीने द्र्युमाँला नाकारून कादंबरीकार मार्सेल प्रेव्होला निवडले. फेब्रुवारी १९१७ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, तो गेला.

पद्धत मात्र राहिली. १९३० मध्ये आन्री कोस्तों या पत्रकाराने त्याच्या पेपराचे नाव पुन्हा वापरात आणले. १९३१ मध्ये बेर्नानोससारख्या मोठ्या लेखकाने त्याचे गौरवचरित्र लिहिले. ऑक्टोबर १९४० मध्ये, जर्मनीपुढे हरलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारने ज्यूंविरुद्धचा कायदा केला. त्याच महिन्यात पॅरिस व्यापून बसलेल्या जर्मनांच्या हुकुमानुसार पॅरिसच्या पोलीस कचेरीत सुमारे दीड लाख ज्यूंची नोंद झाली. प्रत्येकाचे एक कार्ड. नाव, पत्ता, व्यवसाय. जुलै १९४२ मध्ये पोलीस हीच कार्डे घेऊन दारोदार गेले आणि सुमारे १३ हजार माणसे उचलली. द्र्युमाँला मरून तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती. कार्डे लिहिणारे कारकून वेगळे होते. शेजाऱ्याचे नाव वेगळ्या यादीत असावे, ही सवय मात्र त्याने लावलेली.

त्या वर्गणीची यादीही हरवली नाही. ड्रेफसच्या बाजूने लढणाऱ्या प्येर कियार या कवीने १८९९ मध्ये ती व्यवसायवार लावून पुस्तकरूपाने काढली. आपल्याकडून त्याने फारसे काही घातले नाही. अधिकारी अधिकाऱ्यांत, पाद्री पाद्र्यांत, प्रत्येकाची रक्कम आणि प्रत्येकाचे दोन शब्द. पायपुसणे मागणारा तो पाद्रीही तिथेच आहे, पाच फ्रँकांसकट.