जुन्या टेबलावर मत्स्यालय

शाळेच्या अडगळीत एखादे जुने सागवानी टेबल असतेच. त्यावर माशांची काचपेटी ठेवता येईल का? येईल की! पण आधी हिशेब करा. आतून ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच पेटीत ५४ लिटर पाणी मावते. म्हणजे ५४ किलो वजन. वाळू आणि काच निराळीच. हा भार रात्रंदिवस राहणार, आणि भोवती मुले असणार!

म्हणून वाळवीने पोखरलेले लाकूड घेऊ नका. टेबल डुगडुगत असेल तर पायांना तिरप्या पट्ट्या स्क्रूने आवळा; नुसत्या खिळ्यांवर विसंबू नका. पाणसळ लावून फळी समपातळीत आणा, व्हार्निश द्या. फळी वाकडी राहिली तर काच तडकू शकते. सपाट तळाच्या पेटीखाली पातळ थर्मोकोल घाला. एक रात्र नुसते पाणी भरून पाहा. टेबल ढिम्म राहिले, तर मग पुढे खुशाल मासे आणा.