बाकावरची आजी

लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये मुली लाकडी घोड्यांच्या चक्रावर रमत आणि वॉल्ट डिस्ने नुसते बाकावर बसून असत. आईबाप व मुले यांना एकत्र रमता येईल असे स्थान असावे, हा विचार त्यातूनच सुचला आणि १९५५ साली डिस्नेलँड उघडले. आज मुलाकडे अमेरिकेला गेलेली आजी मात्र तेथे पिशव्या राखीत त्याच बाकावर बसते. उंचीच्या अटीमुळे धाकटे नातवंडही तिच्याजवळच उरते. म्हणून सहलीचा बेत सर्वांत लहान व सर्वांत वृद्ध यांच्यापासून आखावा. दुपारी विसावा घ्यावा. उद्यानाला फेरी घालणाऱ्या आगगाडीत सर्वांनी मिळून बसावे. चार पाळणे राहिले तरी चालेल, घरचे माणूस बाकावर राहता कामा नये.