चूक ऐकण्याचं काम

चमच्याचं चित्र टेबलावर ठेवायचं आणि विचारायचं, "काका, हे काय आहे?"

एक काका म्हणतात, "वाटी." दुसरे म्हणतात, "मचचा." तिसरे हात तोंडाकडे नेत चाचपडतात, "ते... आपण आमटी... ते हे..." चौथे ठणकावून सांगतात, "टुंबेर!" आणि एवढं साधं मला कसं कळत नाही, अशा नजरेनं बघत राहतात. चौघांनाही पॅरालिसिसचा अटॅक येऊन गेलेला. चौघांच्या केसपेपरवर एकच निदान लिहिलेलं: अफेझिया, म्हणजे वाचाघात. घरच्यांची तक्रारही एकच: "मॅडम, बोलणं गेलं." पण चौघांचा चमचा अडकलाय चार निराळ्या ठिकाणी. चौघंही "चमचा" म्हणाले असते तर मला काहीच कळलं नसतं. स्पीच थेरपिस्टचं निम्मं काम चुका ऐकण्याचं असतं, आणि त्या जशाच्या तशा उतरवून घेण्याचं.

धडधाकट माणसाला चित्र दिसल्यापासून नाव उच्चारायला सुरुवात होईपर्यंत साधारण 600 मिलिसेकंद लागतात. नेदरलँड्समधल्या नाइमेखनच्या मॅक्स प्लांक संस्थेत विलेम लेव्हेल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अर्ध्या-पाऊण सेकंदाची अक्षरशः चिरफाड केली. त्यांच्या मांडणीनुसार आधी वस्तू ओळखू येते, मग तिचा शब्द निवडला जातो, मग त्या शब्दाचे ध्वनी ओळीनं लागतात आणि शेवटी जीभ-ओठांना हुकूम सुटतात. "वाटी" म्हणणारे काका शब्द निवडताना घसरले. स्वयंपाकघरापर्यंत बरोबर पोचले, हात मात्र शेजारच्या भांड्यावर पडला. "मचचा" म्हणणाऱ्यांनी शब्द अचूक उचलला, ध्वनींची ओळ विस्कटली. खुणा करणाऱ्यांना चमचा पूर्ण ठाऊक आहे, त्याचा आवाज तेवढा हाती लागत नाही. चौथ्या काकांचं दुखणं जास्त खोल आहे. त्यांचं स्वतःचं बोलणं त्यांनाच नीट ऐकू जात नाही. कान चांगले आहेत. ऐकलेलं ताडून पाहणारी जागा दुखावली आहे.

चित्रांबद्दलही सांगायला हवं. जगभर वापरल्या जाणाऱ्या बॉस्टन नेमिंग टेस्टमध्ये 60 चित्रं आहेत, आणि त्यांत इग्लू, बीव्हर, प्रेट्झेल, अस्पॅरॅगस अशी मंडळी आहेत. जुन्नरहून एसटीनं आलेल्या आजींना प्रेट्झेलचं नाव आलं नाही, तर तो मेंदूचा दोष म्हणायचा की परीक्षेचा? त्यामुळे माझ्या खणात किसणी, पोळपाट, अडकित्ता, सूप, कंदील असल्या चित्रांचा गठ्ठा असतो. तोही अपुराच पडतो. शहरातल्या तरुण पेशंटला अडकित्ता दाखवला तर तो अटॅकच्या आधीही अडला असता.

मराठीत आणखी एक गंमत ऐकू येते. किसणीचं चित्र पुढे आलं की आजी अडतात, पण अडताना म्हणतात, "ती... ती गं... ती..." पोळपाटाला "तो", कुलपाला "ते". नावातलं एक अक्षर आठवत नाही, लिंग मात्र बिनचूक. माझ्या नवख्या विद्यार्थिनींना हा योगायोग वाटतो. तसा तो नाही. 1995 साली एका इटालियन रुग्णाबद्दल शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याला न आठवणाऱ्या नामांचं लिंग तो जवळजवळ दरवेळी बरोबर सांगत असे. म्हणजे शब्दाची व्याकरणातली ओळख आणि त्याचा उच्चार मेंदू एकाच गाठोड्यात बांधून ठेवत नाही; एक हाताशी असताना दुसरा निसटू शकतो. ज्या भाषेत टेबलापासून ढगापर्यंत सगळ्यांना तो-ती-ते लावावं लागतं, तिथे हे ओपीडीच्या खुर्चीत बसून ऐकता येतं, त्याला यंत्र लागत नाही.

यंत्रं नव्हती तेव्हाही हे शास्त्र चुकाच ऐकत होतं. 1861 मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा रुग्ण पॉल ब्रोका यांच्यापुढे आला. विचाराल त्याला त्याचं उत्तर "तां". तो वारल्यावर ब्रोकांनी मेंदू पाहिला आणि डाव्या बाजूच्या पुढच्या भागातल्या इजेवर बोट ठेवलं. तो भाग आजही त्यांच्या नावानं ओळखला जातो. 1874 मध्ये कार्ल वेर्निके यांनी उलट प्रकारचे रुग्ण मांडले: बोलणं घडाघडा, अर्थ मात्र हरवलेला, आणि इजा बरीच मागे, कानाजवळच्या भागात. पाठ्यपुस्तकं अजून या दोन नावांवर चालतात. पण लबोर्न्यचा मेंदू पॅरिसमध्ये जपून ठेवलेला होता आणि 2007 मध्ये त्याचा एमआरआय प्रसिद्ध झाला. इजा ब्रोकांना वरून दिसली त्यापेक्षा पुष्कळ आतपर्यंत, मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तंतूंमध्येही गेलेली होती. बोलणं एका ठिपक्यात राहत नाही, दूरदूरच्या भागांमधल्या वाहतुकीवर चालतं, हे आता सगळेच मानतात. तरी स्कॅनवर बोट ठेवून "म्हणजे इथलं बोलणं गेलं ना?" असं नातेवाईक विचारतातच. डॉक्टरही कधीकधी घाईत "हो" म्हणून टाकतात.

नातेवाइकांना सगळ्यात चकवते ती आरती. तोंडातून "हं" पलीकडे काही न निघणारे आजोबा गणपतीची आरती सुरू झाली की दोन-दोन ओळी स्पष्ट म्हणतात. एक ते वीस आकडे म्हणतात, वार म्हणतात, चिडले तर शिवी तर फारच स्वच्छ देतात. सून म्हणते, "मग मला हाक का मारत नाहीत? मुद्दाम करतात." मुद्दाम नाही. घोकून पक्कं झालेलं बोलणं साखळीसारखं ओढलं जातं. त्यात शब्द निवडावा लागत नाही, आणि सुरात उजव्या मेंदूचाही मोठा वाटा असतो. त्याचा आधार घेऊन 1973 मध्ये अमेरिकेत चाल लावून बोलायला शिकवण्याची पद्धत पुढे आली. मीही "पाणी हवं" दोन सुरांत, आजोबांच्या डाव्या हातानं टेबलावर ताल धरायला लावून म्हणून घेते. काहींना त्यातून वाट मिळते, काहींची आरती आरतीच राहते. आरतीला बोलणं समजून घरच्यांनी खूश होऊ नये, एवढं मी पहिल्याच दिवशी सांगून टाकते. कडू लागतं, पण नंतरची निराशा वाचते.

दुसरा गोंधळ हो-नाहीचा. तोंडानं "हो" आणि मान नकारार्थी, हे अफेझियात नेहमीचं. बँकेत, तलाठ्याकडे, सही घेताना असा माणूस "डोक्यावर परिणाम झालेला" ठरतो. त्याला जमिनीचा सातबारा नीट समजत असतो. होकाराचा शब्द तेवढा दगा देतो. दोन कागदांवर "हो" आणि "नाही" मोठ्या अक्षरांत लिहून बोट ठेवायला सांगितलं तरी पुष्कळदा उत्तर मिळतं. कागद कुणी पुढे करत नाही, हा संताप माझा जुना आहे.

आता मुख्य अडचण. 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जर्मनीतली एक चाचणी प्रसिद्ध झाली. अटॅकला सहा महिने उलटून गेलेल्या दीडशेवर रुग्णांना आठवड्याला किमान 10 तास याप्रमाणे किमान तीन आठवडे थेरपी दिली, आणि त्यांचं रोजचं बोलणं सुधारलं. "सहा महिन्यांत जे आलं ते आलं" या समजाला यानं तडा दिला. पण आठवड्याला 10 तास? आमच्याकडे पेशंट आठवड्यातून एकदा येतो, कधी पंधरवड्यातून, आणि अर्ध्या तासानंतर दारात पुढचा उभा असतो. उरलेले तास घरातच काढावे लागतात. म्हणून मी सुनांना, मुलांना, नातवंडांना काम शिकवते. घरातल्याच वस्तूंचे फोटो मोबाइलमध्ये काढा. उत्तर तोंडात घालू नका. मनात दहा आकडे मोजा, मग पहिलं अक्षर द्या. (चमच्याला "च" दिला की पुष्कळदा "चहा" येतो, येऊ द्या.) आणि चूक झाली तर दुरुस्त करायच्या आधी लिहून ठेवा.

एका सूनबाईंनी लिहून आणलेली वही आज पाहिली. पहिल्या पानांवर प्रत्येक चित्रापुढे "पाणी". कंदील: पाणी. चप्पल: पाणी. एकच शब्द जिभेला चिकटून बसला होता. या आठवड्याच्या पानावर उशी: चादर. कुलूप: किल्ली. सूनबाई खट्टू होत्या, एकही बरोबर नाही म्हणून. मी प्रत्येक चुकीसमोर बरोबरची खूण केली आणि पुढच्या आठवड्याचा गृहपाठ लिहून दिला: कुलूप आणि किल्ली दोन्ही समोर ठेवायच्या, नाव विचारायचं नाही, "उघडायला काय लागतं?" एवढंच विचारायचं.