दोघांच्या सह्यांचं कर्ज

बेळगावच्या खडेबाजारात भावाचं कापडदुकान आहे. त्याच्या माडीवर संध्याकाळी माझ्याकडे माणसं कागद घेऊन येतात, कारण माझी सारी नोकरी बँकेच्या कर्जविभागात गेली. पूर्वी यायचे ते घर घ्यायचं म्हणून. हल्ली नवरा-बायको वेगळे झालेत आणि घरकर्ज दोघांच्या सह्यांचं आहे, असेही येतात. दोघं एकत्र कधीच येत नाहीत. एकेकटे, बहुधा आईला किंवा थोरल्या भावाला घेऊन. पिशवीतून आधी निघतो तो वकिलांनी लिहिलेला तडजोडीचा मसुदा. मी तो बाजूला ठेवतो आणि मंजुरीपत्र आणि खरेदीखत मागतो.

"माझं नाव आहे की काका," असं म्हणणाऱ्या मुलीचं बोट सहकर्जदाराच्या रकान्यावर असतं. खरेदीखत उघडावं तर तिथे नवऱ्याचं एकट्याचं नाव. दोघांचा पगार धरला की कर्ज जास्त बसतं, म्हणून तिची सही घेतलेली. म्हणजे फेडायची जबाबदारी पूर्ण आणि मालकीच्या कागदावर काहीच नाही. उलटा प्रकारही पाहतो. बाईचं नाव पहिलं लावलं की काही बँका व्याजात थोडी सूट देतात, म्हणून घर बायकोच्या नावावर आणि हप्ते सगळे नवऱ्याच्या खात्यातून. कर्ज घेताना या रकान्यांकडे कोणी बघत नाही. तेव्हा वास्तुशांतीची तारीख धरायची घाई असते.

मसुद्यात वाक्य ठरलेलं: 'यापुढील सर्व हप्ते पती भरील, पत्नीची कोणतीही जबाबदारी राहणार नाही.' बायकोला वाटतं, सुटले. पण कोर्टातल्या या तडजोडीत बँक पक्षकार नसते. १८७२ च्या करार कायद्याचं ४३ वं कलम सांगतं की दोघांनी मिळून दिलेलं वचन एकाकडूनही पूर्ण वसूल करता येतं. ज्याने भरलं त्याने दुसऱ्याचा हिस्सा त्याच्याकडून मागावा. त्या वाक्याचा उपयोग एवढाच, की उद्या तिला भरावं लागलं तर त्याच्यावर दावा लावता येईल. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की हिशेबच वेगळा: तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याने, वेगळा करार केलेला नसेल तर, नवरा-बायकोची मिळकत आणि देणी सामाईक धरतात. आपल्याकडे कागदावर नाव कोणाचं, इथूनच भांडणाला सुरुवात.

मग आकडे. ३० लाखांचं कर्ज, २० वर्षं मुदत, साडेआठ टक्के व्याज असं धरू. हप्ता २६ हजारांच्या आसपास. सहा वर्षांत १८ लाख ७५ हजारांच्या घरात रक्कम भरून होते, आणि मुद्दल कमी झालेलं असतं जेमतेम साडेचार लाख. बाकी साडेपंचवीस लाख तशीच. "मी १८ लाख भरलेत, ते परत द्या," म्हणणाऱ्याला हे पटवताना माझा घसा कोरडा पडतो. वाटून घ्यायची ती घराच्या आजच्या किमतीतून आजची बाकी वजा करून उरलेली रक्कम. घर ४५ लाखांना जात असेल तर उरतात साडेएकोणीस. निम्मे वाटे ठरले तर घर ठेवणाऱ्याने पावणेदहा लाख रोख द्यायचे आणि साडेपंचवीस लाखांचं कर्ज एकट्याच्या पगारावर ओढायचं. हप्त्याला साधारण निम्मा पगार, या हिशेबाने हातात ५० हजारांहून जास्त यायला हवेत. तेवढे येत नसले तर बँक दुसरा सहकर्जदार मागते आणि वडील किंवा भाऊ सहीला बसतात. एक गुंता सुटून दुसरा सुरू.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो क्रमाचा घोळ. बँक म्हणते, आधी कोर्टाची डिक्री आणि हक्कसोडपत्र आणा, मग नाव काढू. हक्कसोड करायला जावं तर मिळकतीवर बँकेचा बोजा, त्यामुळे बँकेचं ना-हरकत पत्र लागतं. ई.सी., म्हणजे मिळकतीवरच्या बोजाचा दाखला, काढली की कन्नडमधल्या त्या कागदावर बोजाची नोंद दिसतेच. आमच्या पिढीला ती वाचायला दुकानातल्या पोराला हाक मारावी लागते. सिटी सर्व्हेचा उतारा आणि महापालिकेचा खाता जुळले पाहिजेत. कर्नाटकात जवळच्या कुटुंबीयांमधल्या हक्कसोडीला ठरावीक नाममात्र मुद्रांक लागतो, परक्यांमधली हक्कसोड खरेदीखताच्या दराने मोजतात. डिक्री झाल्यावर नवरा-बायको नवरा-बायको राहत नाहीत. म्हणून हक्कसोड डिक्रीच्या आधी करायची की तडजोडीचा भाग म्हणून, हे वकिलांना आधीच विचारा. ऐनवेळी विचारलं की लाखांचा फरक पडतो.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात हिंदू विवाह कायद्याच्या १३-ब कलमाखाली दोन अर्जांमध्ये सहा महिने ठेवलेत. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत माफ करता येते असं सांगितल्यापासून सगळ्यांना ती माफ करून हवी असते. माझं मत उलटं आहे. बँकेचं काम उरकायला हेच सहा महिने मिळतात. एकट्याची पात्रता तपासून घ्या, नसेल तर घर विकायला काढा, आणि दुसऱ्या अर्जाआधी बँकेचं लेखी उत्तर हातात घ्या. 'अमुक तारखेपर्यंत बँकेने एका नावावर कर्ज दिलं नाही तर घर विकायचं' हे वाक्य मसुद्यात नसेल तर सही करू नका.

सहकारी बँकेचं कर्ज असलं की आणखी दोन माणसं अडकतात, जामीनदार. एक नवऱ्याचा दुकानशेजारी, दुसरा बायकोचा मामा. इकडे बाजारात एकमेकांना जामीन राहणं ही रीत आहे, नाही म्हणता येत नाही. संसार मोडल्याचं त्यांना बँकेच्या नोटिशीतून कळतं.

ती नोटीस येते कशी? भांडणात एकजण पगाराचं खातं दुसऱ्या बँकेत नेतो, हप्ता परत जातो, एसएमएस पहिल्या कर्जदारालाच येतो. दुसऱ्याला वाटतं, तो भरतोय. ९० दिवसांच्या वर थकलं की खातं एनपीए, आणि सिबिलचा आकडा दोघांचाही घसरतो. मग घर ताब्यात घेण्याआधीची, सरफेसी कायद्याची ६० दिवसांची नोटीस. सहकारी बँकांना हा कायदा लागू नाही असा समज बाजारात अजून आहे. निपाणीजवळच्या मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या खटल्यातच सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी तो लागू असल्याचा निकाल दिला. म्हणून वेगळं राहायला लागताच दुसऱ्या कर्जदाराने बँकेत आपला मोबाइल नंबर नोंदवावा, दरमहा उतारा मागावा. कर्जाबरोबर घेतलेल्या विमा पॉलिसीवर वारस कोण आहे, तेही बघावं. हे सहसा कोणी बघत नाही.

आणि घर विकून कर्ज फिटलं तर मूळ कागद कोणाच्या हाती द्यायचे, ते दोघांच्या सहीने बँकेला आधी लिहून द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत कागद परत मिळायला हवेत. बँकेमुळे उशीर झाला तर १ डिसेंबर २०२३ पासून दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे.