दूध उरतं तेव्हा : खवा, तूप आणि पावडरीचा हिशोब

(नाशिक येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय वरवर पाहता स्वयंपाकघराचा वाटेल. दूध जास्त झालं तर काय करायचं? घरात एखादा लिटर उरला तर आपण विरजण लावतो. पण एखाद्या तालुक्यात रोज पन्नास हजार लिटर उरायला लागलं तर?

हा प्रश्न आपल्या भागात नवा नाही. १ जून २०१७ला पुणतांब्यातून सुरू झालेला शेतकरी संप आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. नाशिक जिल्हा त्या संपाचं मोठं केंद्र होता. टँकर अडवले गेले, रस्त्यावर दूध ओतलं गेलं. त्यानंतर १६ जुलै २०१८पासून स्वाभिमानी शेतकरी संघटनेचं दूध आंदोलन झालं. पुन्हा तीच दृश्यं. आणि दोन्ही वेळा शहरातल्या माणसांनी एकच प्रश्न विचारला : "अहो, ओतता कशाला? तूप करा, खवा करा, पनीर करा!"

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. संपात ओतलेलं दूध 'कोणाला नको म्हणून' ओतलेलं नव्हतं. तो निषेध होता. पण "खवा का नाही केला" हा प्रश्न मात्र गंभीरपणे घेण्यासारखा आहे. त्याचं उत्तर शोधताना शेतकऱ्याला लिटरमागे मिळणारा भाव कुठे ठरतो, हे समजतं.

दुधात असतं काय?

गायीच्या दुधाचा आपल्याकडचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला ठरतो. फॅट म्हणजे स्निग्धांश. एसएनएफ म्हणजे स्निग्धांश सोडून उरलेला घन भाग : प्रथिनं, दुधातली साखर, क्षार. दोन्हींची बेरीज १२. म्हणजे शंभर भाग दुधात अठ्ठ्याऐंशी भाग पाणी! आपण टँकरने जे वाहतो ते बहुतांश पाणी आहे, आणि त्या पाण्यामुळेच दूध नासतं. जिवाणूंना पाणी, साखर आणि ऊब एकत्र मिळाली की अनुकूल तापमानात त्यांची संख्या साधारण अर्ध्या तासात दुप्पट होते. पहाटे पाचला काढलेलं दूध उन्हाळ्यात तसंच कॅनमध्ये राहिलं तर दुपारपर्यंत त्याचा भरवसा नाही.

म्हणून उरलेलं दूध वापरायचं म्हणजे दोनच गोष्टी. एक तर ते चार अंशांपर्यंत थंड करून थोडा वेळ मिळवायचा. नाहीतर त्यातलं पाणी काढायचं. खवा, पनीर, चक्का, तूप, पावडर ही सगळी पाणी काढण्याचीच रूपं आहेत.

आता शंभर लिटर गायीचं दूध घेऊ. आटवून खवा केला तर सतरा-अठरा किलो मिळतो. म्हशीच्या दुधाचा एकवीस-बावीस किलोपर्यंत जातो. पनीर केलं तर पंधरा-सोळा किलो. मलई काढून तूप केलं तर जेमतेम साडेतीन किलो, पण मग मलई काढलेलं दूध जवळपास सगळंच शिल्लक राहतं. ते वाळवलं तर साधारण नऊ किलो पावडर होते.

मग अडतं कुठे?

पहिली अडचण इंधनाची. एक किलो पाणी उकळल्यावर त्याची वाफ करायला सुमारे २२६० किलोज्यूल ऊर्जा लागते. शंभर लिटर दुधाचा खवा करायचा तर सुमारे ८५ किलो पाणी उडवावं लागतं. उघड्या कढईत निम्म्याहून जास्त उष्णता वाया जाते. हिशोब केला तर दहा-अकरा किलो गॅस लागतो, म्हणजे घरगुती सिलिंडरचा पाऊण भाग. हे शंभर लिटरचं झालं. पन्नास हजार लिटरला रोज पावणेचारशे सिलिंडर! शिवाय कढईजवळ उभं राहून सतत खुरपणं फिरवणारे हात लागतात. दूध तळाला लागलं की सगळा घाणा गेला.

मोठ्या कारखान्यात हेच काम वेगळ्या पद्धतीने होतं. तिथे हवेचा दाब कमी करून दूध कमी तापमानाला उकळवतात. पहिल्या भांड्यात दुधातून निघालेली वाफ दुसऱ्या भांड्यातलं दूध तापवायला वापरतात, दुसऱ्यातली तिसऱ्यात. बाष्प एकच, काम तीन-चार वेळा. असं घट्ट केलेलं दूध मग गरम हवेत फवारतात आणि खाली पावडर पडते. लिटरमागे खर्च कमी येतो; पण असा कारखाना दूध उरलं त्या दिवशी उभा करता येत नाही, तो आधीच असावा लागतो.

दुसरी अडचण वेळेची. दूध जसजसं आंबट होत जातं, तसतसे आपले पर्याय कमी होतात. ताज्या दुधाचं काहीही करता येतं. थोडं आंबलं की ते आटवताना फाटतं. खवा आणि पावडर दोन्ही हातची गेली. फाटलंच तर पनीर. विरजलं तर चक्का, लोणी, तूप. वास फिरला की काहीच नाही. रस्ता बंद असताना तालुक्याच्या संकलन केंद्रावर सहा तास थांबलेल्या टँकरचा "खवा करा" असं सांगणं सोपं आहे, करणं नाही.

तिसरी अडचण उरलेल्याच्या उरलेल्याची. शंभर लिटरचं पनीर केलं की ऐंशीहून जास्त लिटर हिरवट पाणी राहतं, डेअरीत त्याला व्हे म्हणतात. त्यात दुधाची जवळपास सगळी साखर असते. ते नाल्यात सोडलं तर घरगुती सांडपाण्यापेक्षा शेकडो पटीने जास्त प्राणवायू खातं. छोट्या कारखान्याजवळच्या ओढ्याला वास येतो तो यामुळे.

ज्यांनी आधी तयारी केली

आपल्याकडे पुष्टकाळ आणि कृशकाळ असे शब्द आहेत. पावसाळ्यात-शरदात जनावरं वितात, हिरवा चारा असतो, दसऱ्यापासून पुढे थंडीभर दूध वाढतं. उन्हाळ्यात आटतं. नेमकी तेव्हाच ताक, लस्सी, आइस्क्रीमची मागणी वाढते. म्हणजे अतिरिक्त दूध हा अपघात नाही, ते दरवर्षी येतं.

धाराशिव जिल्ह्यात भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीच्या आसपास हे उत्तर गावानेच काढलं. दूध गावातच भट्टीवर आटतं आणि खवा होऊन बाहेर पडतो. शंभर लिटरच्या जागी सतरा-अठरा किलो वाहायचे, तेही काही तास नव्हे तर काही दिवस टिकणारे.

मोठ्या प्रमाणावरचं उदाहरण आणंदचं, आणि त्याचं मूळ आपल्या मुंबईत आहे. १९४६ साली स्थापन झालेला खेडा जिल्हा दूध संघ मुंबईच्या सरकारी दूध योजनेला दूध द्यायचा. हिवाळ्यात म्हशींचं दूध खूप वाढायचं आणि मुंबईला तेवढं नको असायचं. शेतकऱ्याला सांगायचं काय, म्हशीला अर्धंच पिळ? संघाने पावडरीचा कारखाना काढायचं ठरवलं. म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही, असं परदेशी तज्ज्ञ म्हणत होते. हरिचंद मेघा दलाया या तंत्रज्ञाने ती करून दाखवली. युनिसेफने यंत्रांसाठी मदत केली आणि ३१ ऑक्टोबर १९५५ला पंडित नेहरूंच्या हस्ते कारखान्याचं उद्घाटन झालं. अमूलची ताकद बाटलीतल्या दुधापेक्षा या वाळवण्याच्या सोयीत होती. कारण त्यानंतर संघ सभासदाला सांगू शकला : बारा महिने, दोन्ही वेळा, जेवढं आणशील तेवढं घेऊ.

युरोपातही हेच झालं, पण उलट्या बाजूने. तिथे सरकार हमीभावाने घ्यायचं, त्यामुळे लोण्याचे डोंगर साठले. त्यातली पावडर आणि बटर ऑइल १९७०पासून ऑपरेशन फ्लडसाठी भारताला मदत म्हणून मिळालं. आपण त्याचं पुन्हा दूध करून मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नईत विकलं आणि ते पैसे दूध संघ उभे करायला वापरले. त्यांचं जास्तीचं दूध आपल्याला भांडवल म्हणून उपयोगी पडलं!

पावडर झाली, प्रश्न संपला?

नाही. पावडर केल्याने जास्तीचं दूध नाहीसं होत नाही, फक्त पुढे ढकललं जातं. ती कोणीतरी विकत घ्यावी लागते.

साधं गणित करा. शंभर लिटरची नऊ किलो पावडर. समजा बाजारात पावडर किलोमागे शंभर रुपयांनी उतरली. शंभर लिटरमागे नऊशे रुपये गेले, म्हणजे लिटरमागे नऊ रुपये. हे नऊ रुपये कोणाच्या खिशातून जातात? कारखान्याचं वीजबिल ठरलेलं, कामगारांचा पगार ठरलेला. वाकवता येण्यासारखा एकच आकडा उरतो, तो म्हणजे शेतकऱ्याचा खरेदीदर. आपण पिशवीतलं दूध त्याच भावाने घेत असतो, तरी गोठ्यातला दर पडतो, त्यामागे बहुतेक वेळा ही पावडर असते.

२०२०च्या टाळेबंदीत हॉटेलं, मिठाईची दुकानं, लग्नं सगळं एकदम थांबलं. राज्य सरकारने एप्रिलमध्ये रोज दहा लाख लिटरपर्यंत दूध २५ रुपये लिटरने घेऊन त्याची पावडर आणि लोणी करण्याची योजना आणली. त्याने ओतून द्यायची वेळ टळली. पण गोदामात पावडर साठली. पुढे ऑगस्टमध्ये ती आदिवासी भागातल्या बालकांना आणि मातांना मोफत देण्याचा निर्णय झाला. मला यातला हा दुसरा निर्णय जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्याच जिल्ह्यात एका बाजूला सिन्नर-येवल्याचे दुधाचे पट्टे आहेत, तर दुसऱ्या बाजूला सुरगाणा-पेठचे पाडे. वाळलेलं दूध पाड्यापर्यंत जाऊ शकतं, त्याला शीतपेटी लागत नाही. पण हा निर्णय संकट आल्यावर घेतला गेला. पुष्टकाळ दरवर्षी येतो. मग पोषण आहारासाठीची खरेदी त्याच काळात आधीच ठरलेली का नसावी? जानेवारी २०२४पासून गायीच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान दिलं गेलं. अनुदान त्या महिन्याची चूल पेटवतं, ते हवंच. मात्र त्याने पावडरीला गिऱ्हाईक मिळत नाही.

तेव्हा "खवा का नाही केला" याऐवजी आपण आपल्या भागात तीन प्रश्न विचारू या. दूध थंड करायची सोय गावापासून किती अंतरावर आहे? वाळवण्याचा कारखाना कोणाच्या मालकीचा आहे, आणि त्यात दूध घालणाऱ्याला काही बोलता येतं का? आणि वाळवलेला माल घेणारा ठरलेला आहे का?

प्रश्नोत्तरे

*प्रश्न : आमच्या सोसायटीत कोजागिरीला वीस लिटर दूध उरलं होतं. अशा वेळी काय करावं?*

आधी न फोडलेल्या पिशव्या बाजूला काढून थेट फ्रिजमध्ये ठेवा. तापवलेलं दूध पसरट भांड्यांत काढून, भांडी थंड पाण्यात ठेवून लवकर गार करा. मोठ्या पातेल्याचा मध्य तासन् तास कोमट राहतो आणि तिथेच ते बिघडतं. सगळ्याचा खवा करायला जाऊ नका. घरच्या शेगडीचा मोठा बर्नर तासाला दोन-अडीच लिटर पाणी उडवतो, म्हणजे वीस लिटरला सात-आठ तास! चार-पाच लिटर आटवा, बाकीचं विरजून चक्का बांधा. टोन्ड दुधाचा खवा कोरडा आणि रवाळ होतो, त्यामुळे त्याचं दहीच बरं. साखर-मसाला घातलेलं असेल तर बासुंदी किंवा कुल्फी करा. आणि त्याच रात्री डबे भरून शेजारी, वॉचमनच्या घरी देता आलं तर त्याला गॅसही लागत नाही.

*प्रश्न : गावात बचत गटाने खव्याची भट्टी टाकावी का?*

टाकावी, पण कढई घेण्याआधी गिऱ्हाईक बघा. वणी, त्र्यंबकेश्वरसारख्या यात्रेच्या ठिकाणी पेढ्याला मागणी असते, पण ती सणावारी वाढते आणि एरवी उतरते. कोणत्या महिन्यात किती खवा कोण घेणार, हे कागदावर आलं की मग किती लिटर आटवायचं ते ठरवा.