ई-मेलचे उत्तर नेमके कोणाकडे जाते?

कृषी संशोधन संस्थांचा बराचसा पत्रव्यवहार आता ई-मेलद्वारे होतो. शोधनिबंधावरील गोपनीय अभिप्राय, निविदेतील दर, शेतकऱ्यांची वैयक्तिक माहिती असा मजकूर त्यातून जात असल्याने, उत्तर योग्य व्यक्तीकडेच पोहोचणे अत्यंत महत्त्वाचे ठरते.

मजकुराचा लेखक, तो पाठविणारा आणि उत्तर स्वीकारणारा या तीन भिन्न व्यक्ती असू शकतात. म्हणूनच १९८२ मधील ‘आरएफसी ८२२’ या मानकात त्यांच्यासाठी ‘फ्रॉम’, ‘सेंडर’ आणि ‘रिप्लाय-टू’ असे स्वतंत्र रकाने निश्चित करण्यात आले. ‘रिप्लाय-टू’मध्ये पत्ता असल्यास ‘रिप्लाय’ दाबताच उत्तर सामान्यतः तेथे जाते. अन्यथा ते ‘फ्रॉम’मधील पत्त्यावर जाते. त्यामुळे संचालकांच्या नावे आलेल्या परिपत्रकाचे उत्तर प्रकल्प समन्वयकाकडे जाऊ शकते. याच सोयीचा गैरवापर करून फसवणूक करणारे नाव परिचिताचे दाखवतात आणि उत्तर स्वतःकडे वळवतात.

पुढे पाठविलेल्या, म्हणजे ‘फॉरवर्ड’ केलेल्या संदेशाबाबत विशेष दक्षता आवश्यक आहे. शेतकऱ्याचा कीडविषयक प्रश्न कृषी विज्ञान केंद्राने शास्त्रज्ञाकडे पुढे पाठविला आणि शास्त्रज्ञाने केवळ ‘रिप्लाय’ दाबले, तर सल्ला केंद्राकडे जातो, शेतकऱ्याकडे नव्हे. फवारणीची योग्य वेळ तोवर निघून जाऊ शकते. अशा वेळी शेतकऱ्याचा पत्ता स्वतंत्रपणे समाविष्ट करावा.

‘रिप्लाय ऑल’ निवडल्यास उत्तर मूळ प्रेषकासह ‘टू’ आणि ‘सीसी’ या रकान्यांतील सर्वांकडे जाते. ‘सीसी’ म्हणजे कार्यालयीन पत्रातील ‘प्रत माहितीसाठी’. ‘बीसीसी’मधील व्यक्ती इतरांना दिसत नाही, मात्र तिनेच ‘रिप्लाय ऑल’ केल्यास तिला प्रत मिळाल्याचे सर्वांना कळते. उत्तराखाली जोडला जाणारा पूर्वीचा पत्रव्यवहारही सर्वांपर्यंत पोहोचतो, हे विसरू नये.

यासाठी काही सवयी उपयुक्त ठरतात. गोपनीय मजकुराचे उत्तर नव्या संदेशात लिहावे आणि पत्ता सर्वांत शेवटी भरावा. केवळ नाव न पाहता संपूर्ण पत्ता वाचावा, कारण समान आडनावाचा दुसराच पत्ता आपोआप भरला जाऊ शकतो. जीमेलमध्ये पाठविलेला संदेश मागे घेण्यासाठी जास्तीत जास्त ३० सेकंदांची मुदत ठेवता येते. तथापि, पाठविण्यापूर्वी ‘टू’ आणि ‘सीसी’ हे रकाने एकदा वाचणे हाच अधिक खात्रीचा उपाय होय.